घेणाऱ्याचा धर्म

तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कोणाला हृदयाची झडप बदलण्याची तारीख मिळाली असेल, तर या लेखातला काही भाग लगेच उपयोगी पडेल. तशी वेळ आली नसेल, तरी थोडे थांबून वाचा. प्रश्न केवळ झडपेचा नाही. लहानपणापासून आपण 'द्यावे' हे शिकतो. दान, सेवा, त्याग, समर्पण हे सगळे शब्द देणाऱ्याच्या बाजूचे आहेत. घेण्याची वेळ आली की कसे घ्यावे, हे मात्र आपल्याला कोणी शिकवत नाही.

दधीची ऋषींची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. वृत्रासुराला मारण्यासाठी देवांना वज्र हवे होते, ते केवळ ऋषींच्या अस्थींचेच होऊ शकत होते, आणि ऋषींनी देह ठेवला. कीर्तनात, शाळेच्या पुस्तकात, देहदानाच्या शिबिरात ही गोष्ट सांगितली जाते. दिल्लीत देहदान आणि अवयवदानाचे काम करणाऱ्या संस्थेचे नावही दधीचींवरूनच आहे. पण या गोष्टीत आणखी एक जण आहे. तो इंद्र. स्वर्गाचा राजा एका तपस्व्याच्या दारात त्याची हाडे मागायला उभा राहिला. त्या हाडांचे वज्र हातात धरताना त्याला दर वेळी काय आठवत असेल? मी ही गोष्ट मुलांना कितीतरी वेळा सांगितली. इंद्राचा विचार मात्र पहिल्यांदा मनात आला तो छप्पन्नाव्या वर्षी, नोएडातल्या घरी, टेबलावर इकोचा रिपोर्ट उघडा पडलेला असताना.

गुडघे दुखतात, वाढीचे आहे

लहानपणी माझा घसा वारंवार धरायचा. मग गुडघे आणि घोटे सुजायचे. "वाढीचं दुखणं आहे," असे म्हणून आजी तेल चोळायची. तो संधिवाताचा ताप होता. घशात स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू शिरतात, शरीर त्यांच्याशी लढते, आणि काही मुलांच्या बाबतीत लढताना शरीराची गल्लत होते. ते आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात. झडप मात्र आतल्या आत जाड होत, आक्रसत जाते, आणि तीस-चाळीस वर्षांनी हिशेब समोर येतो. घसा दुखतो तेव्हाच योग्य वेळी पेनिसिलिन मिळाले तर हे टळू शकते. श्रीमंत देशांतून हा आजार बराचसा गेला, आपल्याकडे तो अजून आहे, आणि त्यात बायकांची संख्या जास्त. घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्या घशाकडे आणि सुजलेल्या सांध्यांकडे दुर्लक्ष करू नका, एवढे मध्येच सांगून ठेवते.

मला मेट्रोच्या जिन्यावर दम लागायचा. मी तो दिल्लीच्या हवेवर ढकलत राहिले. नोव्हेंबर ते जानेवारी इथे सगळेच खोकतात, सगळ्यांनाच धाप लागते. त्यात माझी धाप लपून गेली. एप्रिलमध्ये हवा स्वच्छ झाली तरी जिना चढवेना, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी निवड माझ्यावर सोडली. झडपा मुख्यतः दोन प्रकारच्या. एक यांत्रिक, म्हणजे धातू आणि विशिष्ट कार्बनची. ती सहसा आयुष्यभर टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते, जन्मभर. दुसरी जैविक, म्हणजे डुकराची झडप किंवा गाईगुरांच्या हृदयावरच्या आवरणापासून बनवलेली. तिला ती गोळी बहुधा कायम लागत नाही, पण साधारण दहा-पंधरा वर्षांत ती झिजते आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. तरुणांना बहुतेक वेळा पहिली सुचवतात, सत्तरीच्या पुढे दुसरी. मधल्या वयाच्या माणसाला म्हणतात, घरी बोलून ठरवा.

आमचे घर माळकरी. आईच्या गळ्यात शेवटपर्यंत तुळशीची माळ होती. प्राण्याची झडप हा शब्द ऐकल्याबरोबर मी म्हणाले, "धातूची बसवा." विचार करायला दोन मिनिटेही लागली नाहीत. खरे सांगायचे तर त्या उत्तराचा मला थोडा अभिमानही वाटला. एवढ्या संकटातही आपण आपला आचार सोडला नाही, असे वाटले.

तो अभिमान आठवडाभर टिकला. प्रश्न विचारायची मला सवय आहे, तीच नडली. हृदय थांबवून शस्त्रक्रिया करायची तर रक्त एका यंत्रातून फिरवावे लागते. यंत्राच्या नळ्यांत ते गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, आणि ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. शस्त्रक्रिया संपली की हेपॅरिनचा परिणाम उतरवण्यासाठी प्रोटामिन देतात. ते माशांपासून मिळते. म्हणजे झडप कोणतीही निवडा, त्या खोलीतून प्राण्याचे काही न घेता मी बाहेर येणार नव्हते.

मग गोळी. वॉरफॅरिन आणि त्या कुळातली औषधे कशी सापडली, माहीत आहे? अमेरिका आणि कॅनडातल्या थंड प्रदेशात १९२०च्या दशकात बुरसटलेला चारा खाऊन गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. १९३३ साली विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फातून गाडी हाकत मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला डबा घेऊन विद्यापीठात पोहोचला. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढे त्या चाऱ्यातले द्रव्य शोधून काढले. त्यातून १९४८ मध्ये आधी उंदरांचे विष बाजारात आले, आणि काही वर्षांनी माणसांचे औषध. रोज संध्याकाळी मी जी गोळी घेते, तिच्या मुळाशी ती मेलेली गुरे आहेत.

धातूच्या झडपेचेही तेच. १९६० मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात डॉ. अल्बर्ट स्टार यांनी लॉवेल एडवर्ड्स या अभियंत्याच्या साथीने बनवलेली झडप माणसात बसवली. त्याआधी किती कुत्र्यांवर प्रयोग झाले असतील! पहिली रुग्ण एक तरुण स्त्री होती. ती काही तासांतच गेली. त्यानंतरच्या रुग्णाने दहा वर्षे काढली आणि तो गेला तो शिडीवरून पडून. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप घडली. आयात झडप सामान्य घराला परवडत नव्हती, म्हणून हा खटाटोप. तीन नमुने अपयशी ठरले. एका नमुन्यातली कृत्रिम नीलम्याची चकती मेंढीच्या हृदयात असतानाच तुटली. चौथा नमुना टिकला आणि ६ डिसेंबर १९९० रोजी तो पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसला. पुढे लाखाहून अधिक रुग्णांना ही झडप मिळाली. निवृत्तीनंतर वलियाथन चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या अभ्यासाला लागले, हे जाता जाता सांगायला हवे. आपल्याला जे मिळाले त्याच्या मुळापर्यंत जाण्याची ती त्यांची रीत असावी.

आणखी एक प्रकार आहे, माणसाच्याच झडपेचा. मृत्यूनंतर दिलेल्या हृदयातून ती काढून जपून ठेवतात. दिल्लीच्या एम्समध्ये १९९०च्या दशकापासून अशा झडपांची पेढी आहे. याच एम्समध्ये ३ ऑगस्ट १९९४ रोजी डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातले पहिले यशस्वी हृदयरोपण केले. मानवी झडपा थोड्या मिळतात आणि मोजक्या रुग्णांना, विशेषतः मुलांना, बसवतात. तिथे तर दधीची अगदी शब्दशः समोर आहे. फक्त बहुधा त्याच्या वतीने होकार देणारी रडणारी बायको किंवा आई आहे.

माझा निर्णय शेवटी बदलला नाही, धातूचीच झडप बसवली. पण कारण बदलले. सत्तरीत पुन्हा छाती उघडायची माझी तयारी नव्हती, आणि रक्ताची तपासणी करणारी प्रयोगशाळा घरापासून पाच मिनिटांवर आहे. हीच झडप तपासणीसाठी चाळीस किलोमीटर जावे लागणाऱ्या माणसाला जाच होऊ शकते. मूल हवे असलेल्या तरुणीला तर ती गोळी गर्भासाठी धोक्याची, त्यामुळे तिचा हिशेब पूर्ण वेगळा. तुमच्या गळ्यात माळ असेल, तुम्ही जैन असाल किंवा मुसलमान असाल, प्राण्याच्या झडपेचा प्रश्न मनात येणारच, आणि तो डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. मात्र 'मी कोणाचेच काही घेतले नाही' असे म्हणता येईल या आशेने निवड करू नका. ती वाट तिथे नाहीच.

चार्ज देणे

जानेवारी २००९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग एम्समध्ये दाखल झाले. त्यांची शस्त्रक्रिया झडपेची नव्हती, दुसरी बायपास होती. मुंबईहून आलेल्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने एम्सच्या डॉक्टरांबरोबर २४ जानेवारीला ती केली. दोन दिवसांवर प्रजासत्ताक दिन होता. संचलन पंतप्रधानांशिवाय पार पडले. मंत्रिमंडळाच्या बैठका प्रणव मुखर्जींनी चालवल्या. काही आठवड्यांनी सिंग कामावर परतले, आणि मे महिन्यात पुन्हा पंतप्रधान झाले.

देशाचा कारभार असा सोपवता येतो. मला स्वयंपाकघराचा सोपवता येत नव्हता. मी चार पानांची यादी केली: सिलिंडर कधी लावायचा, विरजणाला कोणते भांडे, कामवाल्या ताईंच्या सुट्ट्या. सुनेने ती पाने हसून घेतली आणि खणात ठेवली. दोन महिन्यांनी मला ती तशीच घडी घातलेली सापडली. घर नीट चालले होते. मला त्याचा आनंद झाला, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. आधी राग आला. आनंद व्हायला दोन दिवस लागले. मी नसले तर अडते, या समजुतीवर मी किती वर्षे जगत होते, ते त्या न वाचलेल्या पानांनी दाखवले.

शस्त्रक्रियेआधी रक्तदाते आणायला सांगितले. दिल्लीत नात्यातली माणसे थोडी. मुलाच्या ऑफिसातली चार मुले आली. दोघांना मी ओळखतही नव्हते. सकाळी उपाशी आली, रक्त दिले आणि मेट्रो पकडून कामाला गेली. त्यांचे रक्त मलाच मिळाले की आणखी कोणाला, आणि मला कोणाचे मिळाले, हे कधीच कळत नाही. रक्तपेढी सांगत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्याची झडप बदलली आहे त्याला रक्तदान करता येत नाही. म्हणजे हे रक्त मी रक्ताने कधीच फेडू शकत नाही.

इथे एक कबुली. कितीतरी जानेवारी मी सत्संगाच्या मंडळींबरोबर एम्सच्या बाहेर ब्लँकेट वाटायला गेले आहे. देशभरातून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे फुटपाथवर आणि मेट्रोच्या भुयारी मार्गात महिनोन् महिने तारखेची वाट पाहत झोपतात. कधी विदर्भाकडचे कोणी भेटायचे, मराठी ऐकून त्यांचा चेहरा उजळायचा. आम्ही ब्लँकेट द्यायचो, फोटो काढायचो, परत यायचो. ब्लँकेट घेताना काही जण मान खाली घालायचे. मला तो विनय वाटायचा. आपल्याला कोणाकडून तरी घ्यावे लागते आहे, हे सगळ्यांसमोर घडते तेव्हा मान आपोआप खाली जाते, हे मला स्वतः पाठीवर पडून दुसऱ्याच्या हाताने पाणी पिताना कळले. विमा होता, खोली होती, तरीही.

काय दिसले?

बरी होऊन आल्यावर ओळखीच्या साधकांनी मला हमखास विचारलेला प्रश्न हा: हृदय थांबले होते तेव्हा काय दिसले? काही अनुभव?

काहीही दिसले नाही. पोटॅशियम असलेले थंड द्रावण सोडून हृदय थांबवतात, यंत्र रक्त फिरवते आणि त्यात प्राणवायू मिसळते, भूल दिलेली असते. मला भूल देणाऱ्या डॉक्टरांचा हिरवा मास्क आठवतो आणि त्यानंतर कोणीतरी "आंटी, आँखें खोलो" म्हणत होते ते आठवते. मधले तास माझ्याजवळ नाहीत. ते ज्यांच्याजवळ आहेत त्यांतल्या निम्म्यांची नावे मला माहीत नाहीत. कोणाला प्रकाश दिसला असेल तर मी नाही म्हणणार नाही. मला दिसला नाही, आणि तो दिसायला हवा होता असेही आता वाटत नाही.

"तू म्हणजे हे शरीर नव्हेस," असे सांगून धीर देणारेही भेटायला आले. गीतेतला जुन्या वस्त्रांचा दृष्टान्त मलाही पाठ आहे. पण तो मृत्यूबद्दल आहे. माझे वस्त्र टाकलेले नव्हते, त्याला ठिगळ लावले होते, गोधडीला लावतात तसे, दुसऱ्या कोणाच्या कापडाचे. अतिदक्षता विभागात घशात नळी असताना, तहानेने जीव कासावीस होत असताना 'मी शरीर नव्हे' हे मी म्हणून पाहिले. त्याचा उपयोग झाला नाही. पुढे शांतपणे विचार केला तेव्हा मला त्यात एक पळवाटही दिसली. शरीर माझे नाहीच म्हटले, की ते ज्यांनी वाचवले त्यांचे काही देणे लागत नाही. हा वेदान्ताचा दोष नाही, माझ्या वापराचा आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी मला कारण नसताना रडू येऊ लागले. हे पुष्कळांना होते, तुम्हालाही झाले तर घाबरू नका. साधना कमी पडली असेही समजू नका. काही आठवड्यांत ओसरते. नाही ओसरले तर डॉक्टरांना सांगा. त्याच दिवसांत वॉर्डातल्या मावशींनी माझे केस धुतले. आठ दिवसांचा गुंता त्यांनी एकही केस न ओढता सोडवला. मी लगेच नवऱ्याला म्हणाले, "पाचशे रुपये द्या त्यांना." मावशींनी हात मागे घेतला. "पहले ठीक हो जाओ, आंटी."

मला वाईट वाटले, मग लाज वाटली. मला त्यांना काही द्यायचे नव्हते. मला हिशेब मिटवायचा होता. पैसे हातात पडले असते की मी मोकळी, पुन्हा देणाऱ्यांच्या रांगेत. आपल्या परंपरेने याचा विचार फार पूर्वी केला आहे. देवऋण, ऋषीऋण, पितृऋण. यांतले एकही ज्याचे त्याला परत करता येत नाही. आईवडिलांचे ऋण मुलांना वाढवून, ऋषींचे शिकून आणि शिकवून. ऋण पुढे जाते, मागे नाही. आपण मात्र व्यवहारात उसने आणि ऋण यांत फरक करायचा विसरलो. वाटीभर साखर परत करायची असते. चार अनोळखी मुलांचे रक्त, कोण्या कालवडीचे मरण, हे वाटीने परत जात नाही.

घरी आल्यावर

उरलेले थोडक्यात. छातीचे हाड तारांनी बांधलेले असते, ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर जड उचलायचे नाही, हातांवर भार टाकून उठायचे नाही. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. तीन गोळ्यांचे जे प्लॅस्टिकचे यंत्र देतात, त्याने श्वासाचा व्यायाम करायचा. नियमित प्राणायाम करणाऱ्यांना तो पोरखेळ वाटतो. पहिल्या दिवशी एक गोळी उचलताना मला घाम फुटला. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक, सूर्यनमस्कार यांतले काहीही स्वतःहून सुरू करू नका, सर्जन हो म्हणेपर्यंत थांबा.

रक्त पातळ ठेवणारी गोळी ठरलेल्या वेळी. ठरवून दिलेल्या दिवशी आयएनआर तपासणी. मेथी, पालक बंद करायची नाही, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असेही करायचे नाही. एकादशी, नवरात्र यांचे उपवास डॉक्टरांना विचारून. काढा, चूर्ण, दुखण्यावरची साधी गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नको, त्यांनी रक्ताचे गणित बिघडते. नियम म्हणजे काय, ते मला जपमाळेपेक्षा या गोळीने जास्त शिकवले, असे मी म्हटले की नवरा हसतो.

रात्री सगळे शांत झाले की झडपेचा आवाज ऐकू येतो. टिक, टिक. पहिले काही आठवडे झोप लागत नसे. नातीने एकदा छातीला कान लावला आणि विचारले, "आजी, तुझ्यात घड्याळ कोणी ठेवलं?" मी सांगू लागले: केरळचे एक डॉक्टर, एक मेंढी, अमेरिकेतली एक बाई, बाबांच्या ऑफिसातले काका… ती मध्येच झोपली.

तुमची तारीख ठरली असेल तर आधी दात दाखवून घ्या, किडलेल्या दातातले जंतू नव्या झडपेवर बसू शकतात. पुढेही दातांच्या कोणत्याही उपचाराआधी झडपेबद्दल सांगा. चालू औषधांची यादी बरोबर ठेवा. आणि रक्त द्यायला जी मुले येतील, त्यांची नावे घरातल्या कोणाला तरी लिहून ठेवायला सांगा. त्या दिवशी त्यांना नाश्ता कोण देणार, तेही आधीच ठरवा. माझ्या वेळी ते राहून गेले.